नादेझ्दा पोपोवा आणि तिच्या ८५२ फेऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाचीला शाळेत दुसऱ्या महायुद्धावर प्रोजेक्ट होतं, तिनं पोपोवा निवडली आणि मग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न सुरू झाले ते काही थांबेनात. बहुतेकांनी कुठलंतरी रील बघितलेलं, त्यातलं निम्मं खरं आणि निम्मं वरून फोडणी दिलेलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. आणि हो, मी तिला 'त्या' न म्हणता 'ती' म्हणणार आहे, कारण ही सगळी गोष्ट तिच्या विसाव्या ते तेविसाव्या वर्षांमधली आहे.

ही बाई नक्की कोण, थोडक्यात सांगा.

सोव्हिएत हवाई दलातल्या फक्त बायकांच्या रेजिमेंटमधली, रात्रीच्या बॉम्बर विमानाची पायलट. जन्म १७ डिसेंबर १९२१, रशियातल्या ओर्योल भागातल्या शाबानोव्का गावी, पण वाढली युक्रेनमधल्या दोनबासमध्ये, म्हणजे कोळशाच्या खाणींचा पट्टा आहे ना, तिकडे. वडील रेल्वेत कामाला. जून १९४२ ते मे १९४५ आघाडीवर, ८५२ फेऱ्या, 'सोव्हिएत संघाचा वीर' हा तिथला सर्वोच्च किताब. मॉस्कोत ८ जुलै २०१३ ला गेली, तेव्हा वय ९१.

८५२ हा आकडा टायपो आहे ना? ८५ म्हणायचंय का?

नाही हो, आठशे बावन्नच. ही शंका सगळ्यात जास्त वेळा आली आणि ती रास्तच आहे, कारण ब्रिटिश बॉम्बर क्रूला ३० मोहिमा झाल्या की एक टूर संपायची आणि अमेरिकनांना सुरुवातीला २५ झाल्या की घरी पाठवायचे, मग हे आठशे कुठून आलं?

तर ही तुलना सरळ करताच येत नाही. ब्रिटिश लँकेस्टर रात्री निघायचं ते सात-आठ तास उडून जर्मनीत खोलवर जाऊन यायचं. पोपोवाची एक फेरी म्हणजे आघाडीच्या मागच्या शेतातून उडायचं, वीस-तीस किलोमीटरवर जर्मन तळ, पूल, पेट्रोलचा साठा असेल तिथे बॉम्ब टाकायचे आणि परत, सगळं मिळून पाऊण-एक तास, कधी त्याहून कमी. म्हणजे लांब पल्ल्याच्या एसटीची ट्रिप आणि सिटी बसची फेरी यांत फरक आहे तसा. पण प्रत्येक फेरीला सर्चलाइट आणि तोफा होत्याच की, त्या काही अर्ध्या तिकिटात मिळत नव्हत्या.

आता गणित करा. जून १९४२ ते मे १९४५ म्हणजे जवळपास १०६० रात्री होतात. सरासरी काढली तर रात्रीला एकसुद्धा फेरी पडत नाही. पण सरासरी इथे फसवते, कारण धुकं, पाऊस, चिखल, जागा बदलणं यात आठवडेच्या आठवडे जायचे आणि हवा स्वच्छ असली की एका रात्रीत आठ, दहा, बारा व्हायच्या. तिचा स्वतःचा एका रात्रीतला सगळ्यात मोठा आकडा १८ आहे, तो पोलंडमधला.

एका रात्रीत १८ वेळा? कसं शक्य आहे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आणि याचं उत्तर पोपोवा नाही, जमिनीवरच्या पोरी हे आहे. रीलमध्ये त्या कधीच दिसत नाहीत.

विमान उतरलं की त्यात पेट्रोल भरायचं, तेल बघायचं, कुठे भोक पडलंय का, वायर तुटलीय का ते अंधारात हात फिरवून तपासायचं आणि पंखांखाली नवे बॉम्ब लटकवायचे. आधी पद्धत अशी होती की प्रत्येक विमानाची आपापली मेकॅनिक आणि आपापली आर्मरर, आर्मरर म्हणजे बॉम्ब लावणारी. त्यात व्हायचं काय की पाच विमानं एकदम उतरली की पाचही जणींची धावपळ आणि मधल्या वेळात सगळ्या मोकळ्या. मग १९४३ मध्ये यांनी नियमात न बसणारी गोष्ट केली, कामच वाटून घेतलं. एक टोळी फक्त विमान पकडून जागेवर आणणार, एक फक्त पेट्रोल भरणार, एक फक्त बॉम्ब लावणार, कुठलंही विमान येवो. पाच-सात मिनिटांत विमान परत हवेत. पायलट बरेचदा कॉकपिटमधून खाली उतरायचीसुद्धा नाही, बसल्या जागी चहा पिऊन पुढच्या फेरीला.

बॉम्ब लावायचं काम बघा आता. चाकाची गाडीबिडी काही नाही, दोघी-तिघींनी मिळून तो चिखलातून, बर्फातून उचलायचा, गुडघ्यांवर बसून पंखाखाली अडकवायचा आणि मग फ्यूज फिरवून बसवायचा. फ्यूज बारीक, हातमोजे घालून बसत नाही, म्हणजे कडाक्याच्या थंडीत उघड्या बोटांनी ते लोखंड धरायचं. एका रात्रीत एकेका आर्मररनं दोन-तीन टन उचलले असं त्याच मुली सांगायच्या. वय किती, तर अठरा-वीस. ८५२ हा आकडा पोपोवाच्या नावावर आहे आणि असायलाच हवा, पण तो वाचताना दरवेळी मला ती फ्यूज फिरवणारी बोटं आठवतात, काय करणार.

विमान कसलं होतं? जेट?

अहो १९४२ आहे हे. विमान होतं यू-२, निकोलाय पोलिकार्पोव्हनं १९२० च्या दशकाच्या शेवटी शिकाऊ पायलटांसाठी बनवलेलं. १९४४ मध्ये तो वारल्यावर त्याच्याच नावावरून त्याला पो-२ म्हणायला लागले, त्यामुळे दोन नावं दिसली तरी गोंधळू नका, विमान एकच. दोन मजली पंख, लाकडी सांगाडा, प्लायवूड आणि वर ताणून बसवलेलं कापड. इंजिन पाच सिलिंडरचं, १०० हॉर्सपॉवर, म्हणजे आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या एखाद्या गाडीएवढं. बॉम्ब घेऊन वेग ताशी १००-१२० किलोमीटर. शेतीच्या फवारणीलाही हेच वापरायचे, म्हणून रशियन लोक त्याला लाडानं 'कुकुरुझनिक' म्हणायचे, कुकुरुझा म्हणजे मका. मकावालं. जर्मन म्हणायचे शिलाई मशीन, कारण आवाज तसाच खडखड.

कॉकपिट उघडं. पुढे पायलट, मागे नॅव्हिगेटर. रेडिओ नाही, रडार नाही, नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि मांडीवर पेन्सिल. मागच्या बाजूला मशीनगन बसवली ती फार उशिरा, त्याआधी स्वतःजवळचं पिस्तूल एवढंच हत्यार, ते विमानाविरुद्ध काय कामाचं.

मग एवढ्या हळू विमानाला जर्मन फायटर्सनी सहज पाडलं नाही का?

दिवसा पाडलंच असतं, म्हणून तर रात्री. आणि एक गंमत अशी की हळू असणं हाच त्याचा थोडाफार बचाव होता, कारण जर्मन मेसरश्मिट या विमानाइतकं हळू उडायला गेलं तर स्वतःच खाली पडेल अशी अवस्था, त्यामुळे ते सुसाट पुढे निघून जायचं आणि परत वळून येईपर्यंत हिनं जमिनीलगत खाली कुठेतरी दडी मारलेली. पण याचा अर्थ सेफ होतं असा अजिबात नाही, खालची वाईट रात्र वाचा. पेटलं की ते कापड आणि प्लायवूड काडेपेटीसारखं जायचं.

पॅराशूट का नव्हते? सरकारला जीवाची किंमत नव्हती का?

दोन्ही बाजूंनी थोडंथोडं. पॅराशूट जड, त्या वजनात आणखी बॉम्ब जातात, आणि उडायची उंचीच कमी त्यामुळे उडी मारून ते उघडेलच याची खात्री नाही, शिवाय खाली जर्मन असले तर कैद होण्यापेक्षा पॅराशूटच नको असं बऱ्याच जणी स्वतःच म्हणायच्या. १९४४ मध्ये पॅराशूट आले. पण 'मुलींनीच नको म्हटलं' एवढ्यावर हा विषय मिटवतात ते मला पटत नाही. वीस वर्षांच्या पोरी, सगळ्या नको म्हणतायत तर एकटी कोण हवं म्हणणार? वरच्यांनी द्यायलाच हवे होते.

इंजिन बंद करून गुपचूप यायच्या हे खरं का?

जवळजवळ खरं. पूर्ण बंद नाही करायच्या, थ्रॉटल मागे घेऊन इंजिन एकदम मंद करायच्या, आयडलला. पूर्ण बंद केलं तर परत चालू करायला पुढचा पंखा हातानं फिरवावा लागायचा आणि हवेत तिथे कोण उभं असणार.

प्रकार साधारण असा. टार्गेटच्या अलीकडे हजार-बाराशे मीटर उंची गाठायची, मग थ्रॉटल मागे. आवाज गेला की फक्त पंखांमधल्या तारांमधून वारा शिळ घालतो तेवढंच ऐकू येतं. विमान घसरत खाली येतं, मागची नॅव्हिगेटर कडेनं डोकं बाहेर काढून खाली बघतेय, लागलाच तर हातानं एक फ्लेअर, म्हणजे जळून उजेड देणारा दिवा, टाकते, त्या उजेडात रस्ता किंवा पूल दिसला की पुढचीला डावं-उजवं सांगते आणि लिव्हर ओढते. विमान हलकं होऊन एकदम वर उचललं जातं तेव्हा कळतं की गेले बॉम्ब. लगेच थ्रॉटल पुढे आणि पळ. खालच्या सैनिकाला आधी ती शिळ, मग स्फोट. झाडूवरून चेटकीण आली असं वाटलं म्हणून 'नाख्टहेक्सेन', रात्रीच्या चेटकिणी, हे नाव पडलं असं सांगतात.

पोपोवानं स्वतः मुलाखतीत आणखी एक युक्ती सांगितलीय. तीन विमानं जायची. दोन मुद्दाम पुढे जाऊन सर्चलाइट अंगावर घ्यायची आणि दोन दिशांना वळवळत सुटायची, सगळ्या तोफा त्यांच्या मागे, तेवढ्यात तिसरं अंधारातून येऊन काम करून जायचं. मग पाळी बदलायची, असं तिघींचेही बॉम्ब संपेपर्यंत. म्हणजे एका हल्ल्यात दोनदा आमिष व्हायचं आणि एकदा शिकारी.

ही पायलट झाली कशी? घरचे काही बोलले नाहीत?

लहानपणी तिला गाण्या-नाचण्यात इंटरेस्ट होता, नटी व्हायचं होतं. मग एकदा गावाजवळ एक विमान उतरलं. तिची समजूत अशी की विमान उडवणारे म्हणजे कोणी देव असणार, आणि त्यातून उतरला लेदर जॅकेट घातलेला साधा माणूस! तिथून डोक्यात बसलं. पंधराव्या वर्षी घरी न सांगता ग्लायडर क्लबात नाव घातलं, सोळाव्या वर्षी एकटीनं उडाली. त्या काळात सोव्हिएत सरकारनं गावोगावी फ्लाइंग क्लब काढले होते, त्यामुळे खाणकामगाराच्या, रेल्वेवाल्याच्या मुलीलाही हे शक्य होतं, ही बाजू विसरू नये. पुढे खेरसोनच्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकली आणि स्वतःच इन्स्ट्रक्टर झाली.

जून १९४१ मध्ये जर्मनीनं हल्ला केला. भाऊ लिओनिद पहिल्याच वर्षी मारला गेला, दोनबासमधलं घर जर्मनांनी बळकावलं. तिनं आघाडीवर जायला अर्ज केला तेव्हा आधी नकारच मिळाला.

मग घेतलं कोणी?

मारीना रास्कोव्हा. ही तिकडची सेलिब्रिटी नॅव्हिगेटर, १९३८ मध्ये आणखी दोघींबरोबर मॉस्कोपासून अतिपूर्वेपर्यंत न थांबता विमान नेलेली. तिच्या खटपटीनं ऑक्टोबर १९४१ मध्ये महिलांच्या तीन रेजिमेंट उभ्या राहिल्या, ५८६ फायटर, ५८७ बॉम्बर आणि ५८८ रात्रीचे बॉम्बर. ट्रेनिंग व्होल्गाकाठी एंगेल्सला. पोपोवा ५८८ मध्ये. कमांडर येव्दोकिया बेर्शान्स्काया, आणि ही रेजिमेंट शेवटपर्यंत पूर्ण बायकांचीच राहिली, पायलटपासून मेकॅनिकपर्यंत, बाकी दोन्हींत नंतर पुरुष आले. चीफ ऑफ स्टाफ होती इरिना राकोबोल्स्काया, ती पुढे मॉस्को विद्यापीठात फिजिक्सची प्रोफेसर झाली.

आघाडीवर पोचायच्या आधीच मार्च १९४२ मध्ये ट्रेनिंगच्या एका रात्री बर्फाच्या वादळात दोन विमानं कोसळली, चौघी गेल्या. मे अखेरीस रेजिमेंट आघाडीवर पोचली.

तिचं विमान कधी पडलं का?

अनेकदा, पण दरवेळी ती धडधाकट बाहेर आली. सगळ्यात गाजलेला किस्सा ऑगस्ट १९४२ चा, कॉकेशसकडे माघार चालू होती तेव्हाचा. दिवसा टेहळणीला गेली, जर्मन फायटर्सनी गाठलं, कसंबसं उतरवलं आणि मग रस्त्यानं मागे जाणाऱ्या सैनिक-जखमी-गावकरी यांच्या लोंढ्यात चालायला लागली. त्या गर्दीत एक जखमी फायटर पायलट, तोंडभर बँडेज, फक्त डोळे दिसतायत, आणि अशा धबडग्यात निवांत एक जाडजूड कादंबरी वाचत बसलेला. नाव सेम्योन खार्लामोव्ह. चेहरा न बघताच गप्पा जमल्या. युद्धात पुन्हा पुन्हा गाठ पडत राहिली, दोघांना वीर किताबही एकाच दिवशी, २३ फेब्रुवारी १९४५ ला मिळाला आणि मे १९४५ मध्ये दोघांनी बर्लिनला राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, भिंतीवर आपापली नावं लिहिली. नंतर लग्न. १९९० मध्ये तो जाईपर्यंत संसार.

हो, कोणीतरी विचारणारच म्हणून सांगतो, रीलमधला हा भाग खरा आहे.

४२ गोळ्यांची गोष्ट?

तीही खरी. १९४३, काळ्या समुद्रावर नोवोरोसिस्कजवळ 'मालाया झेम्ल्या' नावाचा एक छोटासा किनाऱ्याचा तुकडा सोव्हिएत सैनिकांनी धरून ठेवलेला, तिन्ही बाजूंनी जर्मन. तिथल्या अडकलेल्यांना पाणी, खाणं, औषधं, दारूगोळा टाकायचा होता आणि नेमकं टाकायचं तर एकदम खाली उतरावं लागतं. ती परत आल्यावर विमानाला मोजून ४२ भोकं, वर नकाशाला आणि हेल्मेटलासुद्धा. तेव्हा ती नॅव्हिगेटरला म्हणाली की कात्या, आपण आता खूप जगणार बघ. कात्या म्हणजे येकातेरिना र्‍याबोव्हा, मॉस्को विद्यापीठातली गणित-मेकॅनिक्सची विद्यार्थिनी, तिलाही नंतर वीर किताब मिळाला. पोपोवा ९१ वर्षं जगली, कात्या मात्र १९७४ मध्येच गेली.

असलं सामान टाकायचं काम या रेजिमेंटनं नंतर केर्चजवळ एल्तिगेनलाही केलं. तिथे तर इतक्या खाली यायच्या की इंजिन मंद करून खालच्या खलाशांना ओरडून विचारायच्या, कुठे आहात, कुठे टाकू?

सगळ्यात वाईट रात्र कुठली?

३१ जुलै १९४३ ची रात्र, दक्षिण रशियातल्या कुबान भागात. नेहमीप्रमाणे एकामागून एक विमानं निघाली, सर्चलाइट लागले पण तोफा गप्प. मागून येणाऱ्या मुलींना कळेना की तोफा का उडत नाहीयेत. कारण जर्मनांनी नाइट फायटर वर पाठवला होता आणि त्याला लागू नये म्हणून खालचे थांबले होते. सर्चलाइटच्या झोतात सापडलेलं पांढरं विमान आणि मागून फायटर. काही मिनिटांत चार विमानं हवेतच पेटली, आठ जणी गेल्या. मागच्या पायलटांनी हे डोळ्यांसमोर बघितलं. पॅराशूट नव्हतेच. त्या आठांत ग्लाफिरा काशिरिना होती. तीनच महिन्यांपूर्वी तिची पायलट दुस्या नोसाल हवेतच गोळी लागून मेली होती तेव्हा हिनं मागच्या सीटवरून विमान सांभाळून परत आणलं होतं.

संपूर्ण युद्धात रेजिमेंटच्या तिसाहून जास्त मुली गेल्या.

भीती नाही वाटायची?

वाटायचीच. पण त्यांच्या आठवणींत भीतीपेक्षा जास्त झोप येते. रात्रभर फेऱ्या, दिवसा ऊन आणि आवाजात झोप लागत नाही, असं महिनोन्महिने. पायलट आणि नॅव्हिगेटर आपसांत ठरवून टाकायच्या, जाताना तू डुलकी काढ, येताना मी.

गाजर खाऊन रात्री दिसायचं, एक पाडलं की जर्मनांना आयर्न क्रॉस, हे सगळं?

गाजराची अफवा ब्रिटिशांची, ती इथे कशाला आणता. आयर्न क्रॉस म्हणजे जर्मनांचं शौर्यपदक, त्याचं सगळे सांगतात पण ऐकीव आहे, मी तरी ते प्रोजेक्टमध्ये लिहू दिलं नाही.

युनिफॉर्म वगैरे नीट होते का?

कसले नीट. पुरुषांचे आले, अंतर्वस्त्रांसकट. बूट इतके मोठे की पुढे कागद-चिंध्या कोंबून घालायच्या. लांब वेण्या रास्कोव्हाच्या ऑर्डरनं ट्रेनिंगलाच कापलेल्या. आणि एक किस्सा असा की दोन मुलींनी फ्लेअरच्या छोट्या पॅराशूटचं रेशमी कापड काढून आतले कपडे शिवले, तर लष्करी सामानाची नासधूस म्हणून त्यांच्यावर खटला झाला, शिक्षाही झाली. नंतर रेजिमेंटमध्येच ठेवलं म्हणा. वीर किताब देणारी व्यवस्था आणि चड्डीसाठी खटला भरणारी व्यवस्था एकच होती.

तिला मेडल्स कुठली?

वीर किताबाचा गोल्ड स्टार आणि त्याबरोबर ऑर्डर ऑफ लेनिन, शिवाय ऑर्डर ऑफ द रेड बॅनर तीन वेळा, बाकीची बरीच. गोल्ड स्टार मिळाला तेव्हा ती डेप्युटी स्क्वाड्रन कमांडर होती. रेजिमेंटमधल्या एकूण २३ जणींना तो किताब मिळाला. रेजिमेंटचं नावही फेब्रुवारी १९४३ मध्ये बदलून ४६ वी गार्ड्स झालं, गार्ड्स हा मान लढून मिळवावा लागायचा.

एवढ्या छोट्या बॉम्बांनी फरक काय पडला?

रेजिमेंटचा हिशोब साधारण २३-२४ हजार फेऱ्या आणि तीन हजार टनांच्या जवळपास बॉम्ब असा देतात, म्हणजे फेरीला सव्वाशे किलोच्या आसपास. त्यानं लढाई जिंकली असं म्हणणं म्हणजे अतीच. पण दर काही मिनिटांनी एक विमान, रात्रभर, रोज. खालच्या सैनिकाला शेकोटी पेटवता येत नाही, सिगारेट ओढता येत नाही, झोप नाही. ज्याच्या डोक्यावर पत्र्याचं छप्पर आणि रात्रभर ठिबकणारं पाणी आहे त्याला विचारा काय होतं ते.

युद्धानंतर काय?

रेजिमेंट ऑक्टोबर १९४५ मध्ये बरखास्त. सेम्योन हवाई दलात पुढे गेला, मुलगा अलेक्झांडरही हवाई दलात जनरल झाला. ही निवृत्त सैनिकांच्या कामात राहिली. म्हातारपणी सांगायची की कधीकधी रात्री काळोखात बघत बसते आणि स्वतःलाच विचारते, नाद्या, तुला जमलं कसं गं हे.

त्यांच्या डिव्हिजनचा कमांडर कर्नल पोपोव होता, तो हिचा नातेवाईक का? वशिला?

नाही. उलट या मुली आल्या तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं होतं. रशियनमध्ये पोप म्हणजे पुरोहित, त्यामुळे पोपोव-पोपोवा म्हणजे आपल्याकडचे उपाध्ये समजा. दर दोन गल्ल्यांनी एक सापडतो.